मापात पाप

हिंगोली जिल्ह्यात सध्या मोजमापाला बरे दिवस आले आहेत. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक पडला तरी तो टिपायचा. तिकडे वसमतच्या मोंढ्यात हळदीचं पोतं किलोभर कमी भरलं तर शेतकरी काटा पुन्हा लावायला सांगतो. अशा काटेकोर मुलखात विद्यार्थ्यांचं मोबाइलचं व्यसन मात्र त्यांनाच विचारून मोजायचं. दारुड्याला 'किती झाली?' म्हणून विचारावं आणि त्याचं उत्तर दोन दशांशांपर्यंत अहवालात छापावं, तसं.

हे व्यसन मोजायची संशोधकांची आवडती पट्टी दक्षिण कोरियातली, २०१३ ची. दहा विधानं, प्रत्येकाला एक ते सहा गुण. मुलांसाठी धोक्याची रेषा ३१ वर, मुलींसाठी ३३ वर. (मुलींना दोन गुणांची सवलत मिळण्याचं हे दुर्मीळ उदाहरण.) ही रेषा कोरियातल्या शाळकरी मुलांवरून आखलेली, आपण ती बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला लावतो. त्यातलं एक विधान असं, की जवळची माणसं तुम्हाला फोन फार वापरता म्हणून बोलतात. सेनगावच्या एखाद्या घरात भाऊ रात्री बारापर्यंत क्रिकेट पाहतो, त्याला कोणी हटकत नाही. बहिणीने दहा मिनिटं फोन घेतला की घर डोक्यावर. या विधानापुरती व्यसनी ठरते ती बहीण. म्हणजे इथे मोजला गेला तो वडिलांचा पारा.

आणि फोन किती वापरतो याच्या अंदाजांचं म्हणाल, तर 'नेचर ह्युमन बिहेविअर'मध्ये २०२१ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. लोक सांगतात तो वापर आणि यंत्राने नोंदवलेला वापर क्वचितच जुळतो, असं त्यातून दिसलं. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या काही संशोधकांनी खोडसाळपणा केला: अशाच प्रश्नावल्यांच्या साच्यात फोनच्या जागी मित्र घातले. ८०७ जणांपैकी सुमारे ६९ टक्के 'मित्रव्यसनी' निघाले. विठ्ठलाने नैवेद्य खाल्ल्याशिवाय हलायचं नाही म्हणून अडून बसलेल्या नर्सीच्या नामदेवांचं काय झालं असतं, कल्पना करा. गंमत म्हणजे इंटरनेटच्या व्यसनाची पहिली लक्षणयादी १९९५ मध्ये इव्हान गोल्डबर्ग या मानसोपचारतज्ज्ञाने थट्टा म्हणूनच लिहिली होती; वाचणाऱ्यांना ती स्वतःला तंतोतंत लागू वाटली. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या यादीत गेमिंगचा विकार घेतला, स्मार्टफोनचं व्यसन नाही.

यावर कोणी म्हणेल, मग पोरांची झोप उडालीय ते खोटं का? खरंच आहे. पण झोप मोजायला घड्याळ पुरतं. कोरियन पट्टी कशाला? दुसरा म्हणेल, अंदाज नको तर फोनमधलीच नोंद घ्या. अंदाजापेक्षा ती बरी, कबूल. पण महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना गोल फिरणारं चक्र बघण्यात गेलेला तास आणि रील बघण्यात गेलेला तास त्या नोंदीत शेजारीशेजारी बसतात. हॉल तिकीट फोनवर, निकाल फोनवर, ओटीपी फोनवर, 'उद्या तास नाही' हा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर. ज्याने फोन सोडला त्याची शिष्यवृत्तीही सुटली. तेव्हा निरोप हुकू नये म्हणून सारखा फोन बघणारा पोरगा व्यसनी की आज्ञाधारक, हे दहा विधानांना कळत नाही.

लायगोचे शास्त्रज्ञ सगळा जीव ओततात तो गोंगाट वेगळा काढण्यात: जमिनीचा हादरा, ट्रकची धडधड, दूरची समुद्राची लाट. आमच्या सर्वेक्षणात गोंगाट हाच निष्कर्ष. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने तर काहीच मोजलं नाही. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद होतात. त्यावर प्रबंध होणार नाही, ही अडचण मान्य. प्रबंधाला आकडा लागतो, आकड्याला अर्ज लागतो, आणि तो अर्ज वर्गाच्या ग्रुपवर लिंकच्या रूपात येतो: आज रात्री बारापर्यंत भरा, नाहीतर हजेरी धरली जाणार नाही.