३५० अंशांचा गृहस्थ

डिजिटल सोल्डरिंग स्टेशन म्हणजे डाख देण्याच्या टोकाचे तापमान ठरवलेल्या आकड्यावर राखणारे उपकरण. आणि ते ज्याच्या टेबलावर विराजमान आहे तो गृहस्थ म्हणजे स्टेशनवाला. उपकरणाची माहिती खोक्यातल्या पत्रकात असते. गृहस्थाची कुठेच नसते.

स्टेशनवाल्याची पूर्वावस्था २५ वॅटच्या साध्या आयर्नपाशी गेलेली असते. हे आयर्न २३० व्होल्टच्या प्लगात खोचले की तापत राहते. कुठे थांबायचे ते त्याला कळत नाही. रिकामे पडले की लाल व्हायच्या बेतात येते आणि जाड तारेला लावले की गारठते. ते तापायला पाच मिनिटे लागत, तेवढ्यात चहा होई. तापले की नाही हे सोल्डर वायर टेकवून कळे. तांब्याचे बिट काळे पडले, कथलाने खाऊन त्याला खड्डे पडले, की कानस फिरवायची. स्टँड म्हणून फुटक्या कौलाची खापरी चाले. हुशार मंडळी प्लगाच्या आधी एक डायोड टाकत. त्याने अर्धी लाट अडते आणि ताकद निम्मी होते. ‘घरचा कंट्रोलर’ म्हणून हा डायोड पाहुण्यांना दाखवला जाई.

या सुखी संसारात बिब्बा घालतात ते बारके पार्ट. ०६०३ मापाचा रेझिस्टर १.६ मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर रुंद असतो. तो चिमट्यात धरला असता गृहस्थाने सुस्कारा सोडला, तर रेझिस्टर जगाचा निरोप घेतो. शिवाय बिट जास्त वेळ टेकले की बोर्डावरची तांब्याची पट्टी सोलून वर येते. याचा दोष गृहस्थ आधी चष्म्याला देतो, मग बोर्डाला, आणि शेवटी आयर्नला. इथे अभ्यासकाळ सुरू होतो.

अभ्यासकाळ काही महिने चालतो आणि तो घरच्यांना स्टेशनपेक्षा महाग पडतो. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेली वायर १८३ अंशांवर वितळते, शिसेविरहित वायरीला २१७ च्या पुढे जावे लागते, हे घरातल्या शाळकरी मुलालाही पाठ होते. हक्को ९३६ च्या धाटणीत हीटर वेगळा आणि बिट वेगळे असते, तर टी-१२ जातीत हीटर आणि सेन्सर बिटाच्या पोटातच असतात, म्हणून ते दहा-पंधरा सेकंदांत तापते, हे पाहुण्यांना कळते. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला वेलरच्या जुन्या चुंबकी आयर्नची कथा ऐकावी लागते: बिटाच्या बुडाशी असलेला धातू ठरावीक तापमानाला चुंबकाकडे ओढला जायचा थांबतो आणि वीज तुटते; बुडावर ७ आकडा असेल तर ते तापमान ७०० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ३७० सेल्सिअस. तोवर शेजाऱ्याच्या पानातला मठ्ठा संपलेला असतो आणि वाढपी पुढे गेलेला असतो.

खरेदी पुण्यात असेल तर तापकीर गल्लीत होते, मुंबईत असेल तर लॅमिंग्टन रोडवर. दुकानदाराचे सगळे मार्गदर्शन एका वाक्यात आटोपते: “साडेतीनशेवर ठेवा आणि विसरून जा.” यातला पहिला अर्धा सल्ला गृहस्थ पाळतो. घरी किंमत विचारली की तो वॅट सांगतो.

स्थापनेचा पहिला विधी म्हणजे अर्थिंग. बिट अर्थला जोडलेले असावे, नाहीतर गळकी वीज किंवा स्थिरविद्युत नाजूक चिप मारते, हे अभ्यासात आलेले असते. मग कळते की घरातल्या प्लगाचे तिसरे भोक भिंतीत शिरून कुठेच जात नाही. इलेक्ट्रिशियन येतो, भिंत फुटते. त्यानंतर पडद्यावर ३५० उजळते. ३४९. ३५१. पुन्हा ३५०. घरातले सगळे एकदा पाहून जातात. गृहस्थ उभाच असतो. चहाला वेळ उरलेला नसतो.

ओल्या स्पंजाच्या जागी पितळी काथ्या येतो. कानस हद्दपार होते, कारण नव्या बिटाच्या तांब्यावर लोखंडाचा पातळ मुलामा असतो आणि तो खरवडला की बिट संपले. शंकूच्या टोकाचे, सुरीसारखे, वाकडे अशी सहा बिटे येतात. काम एकट्या चपट्या बिटाने होते, कारण उष्णता रुंद टोकाने लवकर जाते. काम संपल्यावर टोकावर कथलाचा थर ठेवायचा, म्हणजे ते गंजत नाही, हे तो घरी समजावून सांगतो. ऐकून घरातली आजी म्हणते, “म्हणजे कल्हईच की रे.” हे शंभर टक्के खरे असल्यामुळे गृहस्थ दुखावतो.

त्याच्या दुःखाचे मूळ मात्र पडद्यात आहे. तो आकडा बिटाचा असतो, जोडाचा नसतो. जोड चांगला येतो तो स्वच्छ पृष्ठभाग, फ्लक्स आणि पद्धत यांमुळे: पॅड आणि पाय दोन्ही एकदम तापवायचे, वायर बिटाला न लावता जोडाला लावायची, आणि दोन-तीन सेकंदांत हात काढायचा. वायर बिटावर वितळवून वाहून नेली तर वाटेतच फ्लक्स जळून जातो आणि बरोबर ३५० अंशांवर झकास ड्राय जॉइंट तयार होतो. गृहस्थ हे सगळ्यांना शिकवतो. स्वतःचा जोड मळकट आला की मात्र दहा अंश वाढवतो, मग पाच उतरवतो, आणि शेवटी बिटाचे तापमान मोजणारा थर्मामीटर आणतो. तो ३४३ दाखवतो. वीस वर्षे एकही आकडा ठाऊक नसताना शांत झोपलेला माणूस सात अंशांसाठी रात्री जागा राहतो. स्टेशन मात्र दहा मिनिटे हात लागला नाही की आपोआप झोपते.

स्टेशनवर होणारी निर्मिती अशी: दोन एलईडी आलटून-पालटून लुकलुकणारे एक सर्किट, आणि स्टेशनला झाकण. “अहो, त्या मिक्सरचं काय झालं?” या प्रश्नाला, ‘हे नाजूक कामाचं यंत्र आहे’ असे उत्तर मिळते. मिक्सर कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे जातो. त्याचे आयर्न सकाळपासून तापलेले असते, बिट काळे असते, आणि तुटलेली वायर तो गिऱ्हाईक उभे असतानाच जोडून देतो.

जुने आयर्न फेकले जात नाही. ते माळ्यावर जाते आणि पावसाळ्याच्या तोंडावर, प्लास्टिकच्या बादल्यांच्या कुंड्या करताना, बुडाला भोके पाडायला खाली येते. प्लगात घातले, चहा ठेवला, चहा पिऊन सहा बादल्यांना चार-चार भोके पाडली. त्या दिवशी गृहस्थाला तापमान कोणी विचारत नाही, आणि त्यालाही ते आठवत नाही.