शेवटचं कडवं कापू नका

अंबरनाथच्या मोरिवली एमआयडीसीतून रसायनाचं पिंप बाहेर पडतं, तेव्हा त्यावर माल बनवणाऱ्याचं नाव असतं, बॅच नंबर असतो, तारीख असते. त्याच मोरिवलीत 14 एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, वाजणाऱ्या गाण्यावर यातलं काहीच नसतं. गल्ली नाचते, पोरं घसा फाडून गातात. हे लिहिलंय कुणी, असं विचारलं की उत्तर येतं, 'भीमगीत आहे.' अहो, भीमगीत हा गाण्याचा प्रकार झाला. माणसाचं नाव सांगा!

त्यातली कितीतरी गाणी एकाच माणसाची : वामनदादा कर्डक. जन्म 15 ऑगस्ट 1922, देशवंडी, तालुका सिन्नर. शाळेची पायरी चढायला मिळाली नाही. मुंबईत येऊन गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत हमाली केली, चिक्की विकली. कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितलं आणि आपल्याला वाचता येत नाही याचं दुःख जिव्हारी लागलं. मग मोठेपणी अक्षरं गिरवली. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत माणूस साक्षर झाला आणि 1943 मध्ये पहिलं गाणं लिहिलं. तिथून पुढे 15 मे 2004 पर्यंत, म्हणजे नाशिकला डोळे मिटेपर्यंत, ते लिहीत आणि गात राहिले.

आज स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्या तरुणाला आपण 'इंडिपेंडंट आर्टिस्ट' म्हणतो आणि हे काहीतरी कालपरवा यूट्यूबवर सुरू झालं असं धरून चालतो. वामनदादांनी सहा दशकं तेच केलं. शब्द स्वतःचे, गळा स्वतःचा, चाल कधी स्वतःची तर कधी लोकांच्या ओठांवरची. वस्तीत चार बांबूंवर उभा केलेला मंच हेच त्यांचं सभागृह. मराठी चित्रपटांसाठी त्यांनी गाणी लिहिली, पण मुक्काम ठेवला वस्तीतच. बाबासाहेबांवर लिहिलं, बुद्धावर लिहिलं. देशातल्या धनात कष्टकऱ्याचा वाटा कुठे आहे, हा सवाल उद्योगपतींची नावं घेऊन गाण्यातून विचारला. मोरिवलीत कंत्राटावर बारा तास उभं राहणाऱ्याला तो सवाल आजही समजावून सांगावा लागत नाही.

नाव विसरलं जाईल, याची या कवीला जाण होती. म्हणून तुकोबांनी अभंगात घातलं तसं वामनदादांनी अनेक गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफून ठेवलं. सही कागदावर केली असती तर कागद फाटला असता. त्यांनी ती गाण्यातच केली. आणि आपण काय करतो? डीजेच्या मिक्समध्ये मुखडा चार वेळा वाजवतो आणि शेवटचं कडवं कापतो. म्हणजे नेमकी सहीच कापतो. हे नकळत होतं, हे मान्य. पण दरवर्षी नकळत झालं तर त्याला बेपर्वाई म्हणतात.

गायकाचं नाव टिकतं, लिहिणाऱ्याचं पुसलं जातं. आपल्या शेजारच्या कल्याणचे प्रल्हाद शिंदे वामनदादांच्या पाठोपाठ जून 2004 मध्ये गेले. त्यांचा आवाज आजही पहिल्या सुराला ओळखला जातो आणि तो मान त्यांचा आहेच. पण त्यांच्या गाजलेल्या गाण्यांचे कवी कोण, असं विचारा. एक तरी नाव पटकन सांगणारा विरळाच.

कायदा मात्र लिहिणाऱ्याच्या बाजूने उभा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं त्याच्या रचनेवर हक्क राहतो. वामनदादांच्या बाबतीत तो 2064 संपेपर्यंत आहे. कवी म्हणून नाव लागण्याचा हक्क वेगळा, रचनेचे हक्क पैशासाठी विकले तरी तो जात नाही. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराच्या रॉयल्टीतल्या वाट्याला संरक्षण दिलं. ती रॉयल्टी गोळा करणारी संस्था, आयपीआरएस, 1969 पासून मुंबईतच आहे. अंबरनाथहून लोकल धरली की पोहोचता येतं. पण ज्याचं नावच गाण्यावर नाही, त्याचे पैसे कुणाच्या खात्यात जाणार?

म्हणून मोरिवलीत, उल्हासनगरात, बदलापुरात आज शिफ्ट सुटल्यावर मोबाइलवर गाणं रेकॉर्ड करणाऱ्या पोरापोरींना सांगणं आहे. गाणं टाकण्याआधी गीत कुणाचं, चाल कुणाची, गायलं कुणी, ही तिन्ही नावं लिहा. तारीख लिहा. सोबत वाजवणाऱ्याशी आणि रेकॉर्ड करणाऱ्याशी काय ठरलं ते कागदावर आणा, दोस्ती कितीही जुनी असली तरी. आयपीआरएसचं सभासदत्व घ्या. दुसऱ्याचं गाणं गायलात तर त्याचं नाव आधी, तुमचं नंतर. यात कमीपणा नाही, यातच कलावंताची इभ्रत आहे.

आणि जयंती मंडळांना सांगणं एवढंच. बॅनरवर इच्छुक उमेदवारापासून त्याच्या पुतण्यापर्यंत सगळ्यांच्या चेहऱ्यांना जागा मिळते. तिथे कवीच्या नावाला एक ओळ द्या. माइक हातात असणाऱ्याने गाण्याआधी कवीचं नाव घ्यावं. त्याला वर्गणी लागत नाही, पोलिसांची परवानगीही लागत नाही. आणि डीजेवाल्याला सुपारी देतानाच बजावून सांगा : गाणं पूर्ण वाजलं पाहिजे, शेवटच्या कडव्यासकट.