पेडर रोडचा चढ

जानेवारीतला तिसरा रविवार जवळ आला की मुंबईकराला एकदम आठवतं, आपल्याला पाय आहेत. एरवी पहिल्या मजल्यासाठी लिफ्टची वाट बघणारा गृहस्थ भल्या पहाटे सीएसएमटीसमोर मुंबई मॅरेथॉनसाठी छातीवर नंबर टाचून उभा असतो. याच स्टेशनात तो रोज संध्याकाळी लोकलसाठी धावतो, खांद्याला डब्याची पिशवी लावून. त्याचं पदक कुणी देत नाही. प्रवेश फीही नसते म्हणा.

अंतर ४२.१९५ किलोमीटर. हा अवघड आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकची देणगी. शर्यत निघाली विंडसरच्या किल्ल्यापासून, संपली स्टेडियममधल्या शाही कक्षासमोर. राजघराण्याची सोय झाली, आणि आपण मात्र अजून दामदुपटीनं फेडतोय.

मग येतो परतीचा पेडर रोड. टॅक्सीत बसून हा चढ आयुष्यात कधी जाणवलेला नसतो. इथे फुटपाथवर एक आजी सोललेल्या संत्र्याची फोड पुढे करतात आणि मायेनं सांगतात, "आलंच की रे, थोडंच राहिलंय!" त्या ‘थोडंच’मध्ये अख्खा मरीन ड्राइव्ह बसतो.

त्याच मॅरेथॉनमधल्या हौशी ‘ड्रीम रन’वाल्यांचं बरं. जेमतेम सहा किलोमीटर, त्यातले निम्मे सेल्फीत. पदक मिळाल्यासारखा चेहरा करून दहा वाजता इडलीच्या रांगेत.

खरा मॅरेथॉनवीर ओळखायचा सोमवारी, दादरच्या पुलावर. कठडा धरून, उलट्या पावलांनी जिना उतरणारा तो. मागून आवाज येतोच, "ओ काका, चला ना लवकर!"