तीन तिकिटं, पाच प्रवासी

मुंबईहून तळकोकणात जायला रस्ता आहे, असं सरकार म्हणतं. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला 2011 साली सुरुवात झाली. त्यानंतर माझं लग्न झालं, दोन मुलं झाली, तिसऱ्याला सातवा महिना लागला आणि महामार्गाचं काम चालूच आहे. ठरल्या मुदतीत काही पुरं करून हवं असेल तर ठेकेदाराऐवजी एखाद्या बाईला गाठावं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी मान वर न करताच सांगितलं, "रस्त्याने अजिबात नाही. ट्रेनने जा. तेही याच महिन्यात."

जाणं तर भागच होतं. तिसऱ्या बाळंतपणाला सहसा आईच लेकीकडे येते; पण माझ्या आईला मे महिन्यात कुडाळचं घर सोडता येत नाही. आंबे उतरवायचे असतात, काजूच्या बिया वाळत पडलेल्या असतात, कोकमं फोडून सोलं घालायची असतात आणि फणस तर घराला कुलूप दिसलं की मुद्दाम पिकतात. "तूच ये," ती फोनवर म्हणाली, "एक माणूस वाढलं तर मला काही जड नाही." हे ती बाळाविषयी बोलत होती की जावयाविषयी, ते मी विचारलं नाही.

तिकीट काढायला बसल्यावर कळलं, रेल्वेला गरोदर बायकांची काळजी आहे. ज्येष्ठ नागरिक, पंचेचाळिशीच्या पुढच्या बायका आणि गरोदर बायका यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. अट एवढीच, की बाईने एकटीने प्रवास करावा. फार तर सोबत कोट्यातलीच दुसरी व्यक्ती असावी. नवरा आणि दोन पोरं बरोबर असली की कोटा संपला. नवरा म्हणाला, "हा अन्याय आहे." मला मात्र रेल्वेची समज फार आवडली. गरोदर बाईला आराम नेमका कधी मिळू शकतो, हे त्यांच्या कोणीतरी बरोबर ओळखलंय.

आता माणसं किती? थोरली सहा वर्षांची. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतःचा बर्थ हवा असेल तर 2016 पासून पूर्ण भाडं पडतं. ते भरलं. धाकटा, म्हणजे दादू, तीन वर्षांचा, म्हणून फुकट. पोटातलं तर बोलायलाच नको. तीन तिकिटं, पाच प्रवासी. थोरलीने तिकिटावर स्वतःचं नाव वाचलं आणि तिची चालच बदलली. घरात येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी दूधवाल्यालाही, तिने सांगून टाकलं, "माझं पूर्ण तिकीट आहे. दादूचं नाहीये."

मांडवी एक्स्प्रेस सकाळी मुंबईहून निघते आणि दिवसाउजेडी कोकण दाखवत संध्याकाळी मडगावला पोचते. खिडकीतल्या निसर्गाइतकीच ती डब्यातल्या खाण्यासाठी प्रसिद्ध आहे. आम्ही ठाण्याला चढलो. चढलो म्हणजे आधी सामान चढलं. नवरा प्रवासाला निघताना सामानाचे नग मोजतो, आणि त्या मोजणीत मुलंही धरतो. "सहा, सात, आठ... आठवा कुठाय?" आठवा नग दुसऱ्याच कोणाच्या सुटकेसवर बसून बिस्किट खात होता. नववा नग मी. मला कोणी उचलायला तयार नव्हतं.

आमच्या कप्प्यात समोर एक नवं जोडपं होतं. तिच्या हातात हिरवा चुडा, त्याच्या हातात तिचा हात. खिडकीपाशी एक काका. हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र आणि डोक्यात देशातले सगळे नियम. त्यांच्या शेजारी सावंतवाडीला निघालेल्या एक काकी, पायाशी चार पिशव्या. गाडी हलायच्या आत काकींनी माझ्याकडे आपादमस्तक पाहून घेतलं.

"काय गो, कितवो म्हयनो?"

"सातवा."

"पयलोच?"

माझ्या एका खांद्याला एक आणि दुसऱ्या गुडघ्याला दुसरं मूल लोंबकळत होतं. "तिसरं," मी म्हटलं.

कप्प्यात थोडी शांतता पसरली. ती काकांनी मोडली. ते माझ्या नवऱ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे तुम्हाला आता ग्रामपंचायतीला उभं राहता यायचं नाही." 12 सप्टेंबर 2001 नंतर ज्याला दोनपेक्षा जास्त मुलं झाली तो आपल्या राज्यात पंचायतीच्या निवडणुकीला अपात्र ठरतो, हे त्यांनी तारखेसकट सांगितलं. "नगरसेवकही नाही," त्यांनी उरलीसुरली आशाही काढून घेतली. नवऱ्याला जन्मात कधी सोसायटीचा सेक्रेटरीही व्हायचं नव्हतं. पण हे ऐकल्यावर त्याचा चेहरा असा उतरला, जणू विजयी मिरवणुकीचा गुलाल आणून ठेवला होता.

मीही मग माझी भर घातली. बाळंतपणाची पगारी रजा पहिल्या दोन मुलांच्या वेळी 26 आठवडे मिळते, तिसऱ्याच्या वेळी 12. 2017 साली कायद्यात तशी दुरुस्ती झाली. तिसऱ्या मुलाने निम्म्याहून कमी वेळात मान धरावी, पालथं पडावं आणि आईला कामावर पाठवावं, अशी संसदेची अपेक्षा दिसते.

"कायद्याक काय कळता?" काकी म्हणाल्या. "माझ्या आवशीक आठ झाली. तेवा खंय होतो ह्यो कायदो?"

एकदा विषय निघाला, की पोट सार्वजनिक मालमत्ता होतं. गर्भलिंग निदानाला 1994 च्या कायद्याने बंदी आहे. प्रत्येक सोनोग्राफी केंद्राच्या दारावर तशी पाटी असते. रेल्वेच्या डब्याला पाटी नसते. काकी म्हणाल्या, "पॉट पुढे इला हा, झीलच होतलो." बाजूच्या बर्थवरच्या आजी म्हणाल्या, छे, चालताना डावा पाय आधी पडतो, मुलगीच. चहावाल्यानेही चहा देता देता माझ्याकडे नजर टाकून "मुलगा" असा निकाल दिला आणि पुढे गेला. काकांनी सगळ्यांना कायद्याचं पूर्ण नाव ऐकवलं, शिक्षा ऐकवली, आणि मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "पण चेहऱ्यावर तेज आहे. मुलगी." थोरलीला विचारलं तर तिने मांजर मागितलं.

एवढ्यात नवऱ्याने विज्ञानाची बाजू मांडायला मोबाइल काढला. त्यात एक अ‍ॅप आहे. ते दर आठवड्याला बाळ केवढं झालं ते भाजी-फळांच्या मापात सांगतं. आम्ही राजम्याच्या दाण्यापासून सुरुवात केली होती. मध्ये काही आठवडे अशी फळं आली जी आमच्या भाजीवाल्यानेही पाहिलेली नाहीत. "या आठवड्यात बाळ वांग्याएवढं आहे," नवऱ्याने जाहीर केलं.

"वांगा?" काकींनी भुवया जवळ आणल्या. "खयचा? भरताचा काय भाजयेचा?"

अ‍ॅपमध्ये हा पर्याय नव्हता. वांग्यावर चर्चा सुरू झाली. आजींच्या मते भरल्या वांग्याचं असेल तर बाळ फारच लहान म्हणायचं, डॉक्टर बदला. काका म्हणाले, वांगं धरायचं तर ते कृष्णाकाठचं धरावं. माणगाव येईपर्यंत सगळ्यांना भूक लागली आणि डबे उघडले. मला कोणी विचारलं नाही, फक्त वाढलं. काकींच्या बरणीतली खारातली कैरी मात्र मी दोन वेळा मागून घेतली. ती जिभेवर टेकल्याबरोबर पोटातून अशी एक लाथ बसली, की वर ठेवलेली कागदी बशी उडाली. "बघ," काकी म्हणाल्या, "कोकणातलाच आसा."

सातव्या महिन्यात बाळाला बाहेरचे आवाज ऐकू येतात. म्हणून नवऱ्याने मोबाइलमध्ये खास गर्भसंस्काराचं संगीत भरून आणलं होतं. ते त्याने सुरू केलं, पण ते ऐकू येईना. कटलेटवाला, ऑम्लेटवाला, सूपवाला एकामागोमाग येत होते आणि धाकटा प्रत्येकाच्या मागे त्याचीच आरोळी, त्याच्याच सुरात, दुप्पट आवाजात देत होता. दोन प्रवाशांनी तर त्याच्याकडेच ऑम्लेट मागितलं. अभिमन्यूला आत ऐकायला निदान वक्ता एकच होता. आमचं बाळ बाहेर येईल तेव्हा त्याला चक्रव्यूह नाही कळला तरी वडापावचा भाव पाठ असेल.

मग टीसी आले. नवऱ्याने तिकीट दाखवलं. टीसींनी धाकट्याकडे बघून सहज विचारलं, "हा किती वर्षांचा?"

"पाच!" धाकटा ओरडला. थोरली सहा वर्षांची झाल्यापासून त्याने स्वतःला पाचाच्या खाली येऊ दिलेलं नाही.

"पाच म्हणजे अर्धं तिकीट लागेल," टीसी हसू दाबत म्हणाले. नवरा पिशवीत आधार कार्ड शोधू लागला. एक लंगोट, तूप-मेतकुटाच्या डब्या आणि खुळखुळा असं काय काय बाहेर आलं, आधार येईना. शेवटी थोरली मदतीला धावली. "काका, तो खोटं बोलतोय. तो अजून चड्डीत शू करतो." धाकट्याने भोकाड पसरलं, पण पुरावा टीसींना पटला. थोरलीला वाटलं, आपण हाताळत असलेलं प्रकरण अर्धवट राहू नये. "आणि अजून एक जण आहे," तिने माझ्या पोटाकडे बोट दाखवलं, "ते आत लपलंय. त्याचं पण तिकीट नाहीये."

टीसींनी तक्त्यावर पेन टेकवलं. "ते पाच वर्षांचं झालं की मला कळव," म्हणाले आणि पुढच्या कप्प्यात गेले.

आता मला आडवं व्हायचं होतं. काकांकडे त्याचाही नियम निघाला. बर्थवर झोपायची वेळ रात्री 10 ते सकाळी 6. पण 2017 च्या परिपत्रकात म्हटलंय, की आजारी, दिव्यांग आणि गरोदर प्रवाशांना इतर वेळीही झोपू द्यावं, सहप्रवाशांनी सहकार्य करावं. सहप्रवाशांनी ते मनापासून केलं. काका उठले, काकी उठल्या, पिशव्या सरकल्या, चादर अंथरली गेली, उशी फुगवली गेली. मी चपला काढेपर्यंत धाकटा तिथे आडवा होऊन घोरायला लागला होता. परिपत्रकात त्याचा उल्लेख नाही.

मी मग पाय मोकळे करायला निघाले. कोकण रेल्वे बरीचशी एकेरी मार्गाची आहे. समोरून गाडी यायची असली, की एकीला स्टेशनात बाजूला थांबवून दुसरीला पुढे सोडतात. डब्यातल्या वाटेचंही तसंच. मी इकडून निघाले आणि तिकडून कॉफीवाला आला. दोघंही भरलेले. क्षणभर आम्ही एकमेकांचा अंदाज घेतला. मग त्याने कॉफीची टाकी छातीशी धरून स्वतःला एका कप्प्यात वळवलं आणि हात हलवून मला रस्ता दिला. "या ताई, तुमची सुपरफास्ट आहे."

चिपळूण गेलं तसे बोगदे वाढले. रोहा ते मंगळूर या मार्गावर नव्वदच्या वर बोगदे आहेत आणि थोरलीने प्रत्येकात किंचाळायचं ठरवलं होतं. काकांनी तिचं लक्ष दुसरीकडे वळवावं म्हणून सांगितलं, की रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा येतो, साडेसहा किलोमीटरचा, या मार्गावरचा सगळ्यात लांब. थोरलीने लगेच जाहीर केलं, "मी त्यात श्वास रोखून धरणार." बोगदा आला. तिने गाल फुगवले. काळोख झाला, खिडक्यांचा खडखडाट सुरू झाला, धाकटा जागा होऊन म्हणाला, "शू आली." नवरा त्याला घेऊन अंधारातच धावला. थोरलीचा श्वास बोगद्याच्या तोंडाशीच सुटला, मग तिने हे काम बाळाकडे सोपवलं आणि माझ्या पोटाला तोंड लावून ओरडली, "श्वास धर! मी सांगेपर्यंत सोडू नकोस!" आतून पुन्हा लाथ बसली. "ऐकतंय," ती समाधानाने म्हणाली. हुकूम मानणारं कोणीतरी घरात येतंय, या कल्पनेनेच ती उरलेला प्रवास शांत बसली.

समोरच्या जोडप्याकडे माझं लक्ष अधूनमधून जात होतं. पनवेलला त्यांनी हात धरले होते. खेडला धाकट्याने दोघांच्या मधोमध बसून हात सोडवले. रत्नागिरीला नवरदेवाच्या पांढऱ्या शर्टावर टोमॅटो सूपचा नकाशा होता. राजापूर मागे पडल्यावर बराच वेळ दोघं खिडकीबाहेर बघत होते. मग नवरी त्याच्या कानाशी लागली, पण गाडी नेमकी क्रॉसिंगला थांबली होती, त्यामुळे सगळ्या कप्प्याला ऐकू आलं: "मी काय म्हणते, आपण आधी कुत्रा पाळू."

कुडाळला आम्ही उतरलो. उतरायला जवळजवळ सगळा कप्पा कामाला लागला. काकांनी पिशव्या दिल्या, नवरदेवाने धाकट्याला खिडकीतून दिलं, काकींनी कैरीची उरलेली बरणी माझ्या हातात कोंबली आणि गाडी हलताना ओरडल्या, "झील झालो तर कळय!" कुठे कळवू, ते राहिलंच. नवऱ्याने फलाटावर नग मोजले. भरले.

स्टेशनबाहेर रिक्षा उभी होती. रिक्षात तीनच माणसं बसवायची परवानगी असते, म्हणून नवरा, जो आज दिवसभर नियमांच्या धाकात होता, चाचरत म्हणाला, "आम्ही चार जण आहोत. म्हणजे तसे पाच."

रिक्षावाल्याने मान वळवून आम्हाला पाहिलं. "पोरांका कोण मोजता? चढा."

नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला, धाकटा चढला, मी पोट सांभाळत चढले. थोरली मात्र कमरेवर हात ठेवून रस्त्यातच उभी राहिली.

"मला मोजायचं," ती म्हणाली. "माझं पूर्ण तिकीट होतं."