आधी स्पिटफायर, मग गोंद

रिमोटवरचं पहिलंवहिलं विमान घ्यायला निघालेल्याला विचारा, कोणतं हवं? स्पिटफायर! गेला बाजार राफेल. फोमचं अंग, धडाच्या वर बसवलेले, टोकांना किंचित उचललेले पंख, असं साधं ट्रेनर त्याला 'पोरांचं खेळणं' वाटतं. ते बिचारं हळू उडतं, स्टिक सोडली की बहुधा आपणहून सावरतं, आपटलं तर गोंदाने जुळतं. लढाऊ मॉडेलकडे एवढी माया नसते; वेग घटला की ते एका पंखावर कलंडून थेट जमिनीला भिडतं. त्यात विमान आपल्याकडे तोंड करून आलं की डाव्या-उजव्याची अदलाबदल होते आणि उडते ती फक्त वैमानिकाची घाबरगुंडी. तेव्हा वीरांनो, आधी सिम्युलेटरवर मनसोक्त आपटा, मग ट्रेनर घ्या. स्पिटफायर तोवर शोकेसमध्येच सुरक्षित आहे.