फेसमामा

आमच्या बेळगावजवळ कंग्राळी दोन आहेत. थोरली बुद्रुक, धाकटी खुर्द. दोन्हीकडे भात पिकतो, भाजी पिकते, सकाळी उद्यमबागेतल्या फौंड्रीच्या शिफ्टला मोटरसायकली सुटतात आणि अलीकडे घराघरांत काचेच्या टाक्या आल्यात. बहुतेक लोक गोल्डफिशवर थांबतात. आणतात, चार महिने कौतुक करतात, मग रिकाम्या टाकीत कांदे ठेवतात. पण एखादा तिथं थांबत नाही. समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत, घाटाच्या वर, तो घरात खारं पाणी ठेवतो. आमच्या गल्लीतल्या पोरांनी या नमुन्याला फेसमामा असं नाव ठेवलंय.

फेसमामा पन्नाशी ओलांडलेला असतो आणि आयुष्य फौंड्रीत गेलेलं असतं. हे महत्त्वाचं आहे. फौंड्रीच्या माणसाचा बुडबुड्याशी जुना दावा. साच्यातल्या वाळूत ओल जास्त झाली, वायूला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की तो तापलेल्या लोखंडात अडकतो. कास्टिंग वरून गुळगुळीत दिसतं, लेथवर चढवलं की आत ब्लोहोल. माल रिजेक्ट, वर साहेबाची बोलणी. तीस वर्षं ज्यानं बुडबुड्यापायी बोलणी खाल्लीत, त्यानं निवृत्तीनंतर हौस म्हणून असं यंत्र घरी आणलं की ज्याचं कामच मुळी बुडबुडे काढणं! याला नशीब म्हणावं की खोड, तुम्ही ठरवा.

त्या यंत्राचं नाव प्रोटीन स्किमर. पंप हवा ओढतो, पंपाच्या काटेरी चक्रात तिचा भुगा होतो आणि दुधासारखे पांढरे बुडबुडे नळकांड्यातून वर चढतात. माशांची घाण, उरलेलं खाणं, त्यातली प्रथिनं बुडबुड्याच्या अंगाला चिकटतात, फेस होऊन वरच्या वाटीत साचतात. पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावर पिवळट फेस वाहून येतो, त्याचं कूळ हेच. गोड्या पाण्यात हा खेळ नीट जमत नाही, कारण तिथं बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. मिठाच्या पाण्यात ते बारीकच राहतात. वाटीत जे जमतं त्याचा रंग काळ्या चहाचा आणि वास असा, की मामींनी ती वाटी स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये धुवायला कायमची बंदी घातली आहे.

हे सगळं टाकीखालच्या कपाटात, नळकांड्याच्या आत चालावं अशी अपेक्षा. पण थोडे बारीक बुडबुडे खालच्या वाटेनं निसटतात, परतीच्या पंपात शिरतात आणि वरच्या टाकीत येतात. चार फुटी टाकी, अडीचशे लिटर पाणी, लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशेबानं पावणेनऊ किलो मीठ, एवढा खर्च करून समोर काय, तर धुकं. फेसमामाला हे सहन होत नाही. पाहुण्याला तो "मासे बघायला या" म्हणून बोलावतो आणि आल्या आल्या टाकीखालच्या कपाटापुढं उकिडवं बसवतो. हातात बॅटरी देतो. "तो बघा, तो बघा, सुटला!" पाहुणा मान वाकडी करून बघतो, गुडघे धरून उठतो, चहा पिऊन जातो. मासे बघायचे राहून जातात.

मासे दोनच आहेत, क्लाउनफिश, नारिंगी-पांढरे. पोवळं ठेवायचा मामाचा विचार होता, पण आपल्याकडं कठीण पोवळी 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या पंगतीला आहेत, हे कळल्यावर दगडांवर भागवलं. या माशांत सगळे नर म्हणूनच जन्मतात, जोडीतला थोरला तो मादी होतो आणि घर तिच्या ताब्यात असतं. ती गेली, की नवरा तिच्या जागी बढती घेतो. हे ऐकून मामी एवढंच म्हणाल्या, "मग तुमचा नंबर लागूलालाय वाटतं."

बुडबुड्यावर गल्लीनं दिलेले सल्ले ज्याच्या त्याच्या धंद्याचे. बोअरवेलवाला म्हणाला, ओढीच्या बाजूला हवा धरूलालीय, जॉइंट बघ. (हा सल्ला खरोखर चांगला होता. परतीच्या पंपाच्या ओढीकडच्या जोडात केसाएवढी फट असली तरी ती पाणी सोडत नाही, हवा मात्र आत घेते.) मामानं सगळे जोड उघडले, टेप गुंडाळून परत बसवले. दुधाच्या डेअरीवाल्यानं स्पंज सुचवला. मामानं स्किमरच्या तोंडाला स्पंज बांधला, बुडबुडे कमी झाले, पण स्पंजात घाण अडकून तिथंच कुजायला लागली. मग फिल्टर सॉक, म्हणजे गाळायची कापडी पिशवी. मग व्हिनेगरनं पंप धुतला. मग खालच्या कप्प्यात, त्याला संप म्हणतात, अंगणातला तो वेगळा, काचेच्या आडव्या भिंती, म्हणजे बॅफल, चिकटवल्या. पाणी एकीच्या खालून, दुसरीच्या वरून जातं. त्यामागचं गणित मामाला तोंडपाठ आहे: मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा बुडबुडा सेकंदाला जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर चढतो, म्हणून त्याला पंपाकडं पोचायच्या आत पृष्ठभागावर येईपर्यंत वेळ द्यायचा. गणित चोख आहे. पण वेळ द्यायचा तो बुडबुड्याला, स्वतःला नव्हे, अशी मामाची समजूत.

स्किमर नवा असला की त्याच्या प्लॅस्टिकवर सूक्ष्मजीवांचा पातळ थर धरेपर्यंत तो बुडबुडे थुंकतोच. कधी चार-पाच दिवस, कधी दोन-तीन आठवडे. खोक्यातल्या कागदावर तसं छापलेलं असतं. पण फौंड्रीच्या माणसाचा हात नुसता राहत नाही. तिथं तो गुणच होता, मशीन कुरकुरलं की हा पान्हा घेऊन हजर. इथं सकाळी व्हॉल्व्ह पाव आटा फिरवायचा, दुपारी अर्धा आटा मागं, संध्याकाळी स्किमर एक इंच वर उचलायचा, रात्री परत खाली. मधेच बांगड्याच्या कालवणाचा हात तसाच पाण्यात. तेलानं फेस बसतो, वाटी रिकामी, मामा हवालदिल. थर धरायला लागला, की मामा नळकांडं काढून लख्ख घासून आणतो. थर परत पहिल्यापासून.

हेस्कॉमची वीज गेली की आणखी मजा. परतीचा पंप बंद पडतो, वरचं पाणी खाली उतरतं, संप चढतो. मामानं स्किमर इन्व्हर्टरवर घेतलेला. घरात अंधार, टीव्ही बंद, मिक्सर बंद, आणि स्किमर वाढलेल्या पाण्यात उभा राहून काळा चहा फरशीवर ओततोय.

अर्धं कोडं मामींनी सोडवलं. केर काढताना वाकून म्हणाल्या, "वरनं हा पाइप धो धो पडूलालाय, तो आधी पाण्यात बुडवा की." पाइपाचं तोंड पाण्याखाली गेलं, निम्मे बुडबुडे गेले. स्किमर तासभर बंद ठेवला असता तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं, कारण बंद करूनही बुडबुडे येत राहिले, तर चोर दुसरा. पण स्किमर बंद ठेवणं ही गोष्टच मामाला सुचत नाही.

उरलेले निम्मे भाचीच्या लग्नानं घालवले. मामा मामींसह निपाणीला आठवडाभर अडकला. माशांना खाणं घालायला शेजारचं पोरगं यायचं, त्याला स्किमर काय ते ठाऊक नव्हतं आणि मामाच्या पान्ह्याला हात लावायची परवानगी नव्हती. मामा परत आला तर टाकी काचेसारखी. मासे दिसत होते, मागचा दगडसुद्धा दिसत होता. मामा बराच वेळ खाली वाकून बॅटरी मारत बसला आणि मग जाहीर केलं, "शेवटचा बॅफल लागू पडला."

आता मामाला काम नाही. दोन दिवस टाकीपुढं खुर्ची टाकून बसला, मासे बघितले, कंटाळला. इतक्यात खुर्दच्या एका हौशी माणसानं नवा स्किमर आणल्याची बातमी आली. पानाशिवाय घराबाहेर न पडणारा मामा पान विसरून निघाला. पिशवीत पान्हा, बॅटरी, काचेचे तुकडे, सिलिकॉनची नळी. काल चौकशी केली तर मामी म्हणाल्या, "खुर्दलाच आहेत. तिथं तिसरा बॅफल बसवूलाल्यात."