तारीख द्या, आणि ती पाळा

प्रति,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ,
फुटबॉल हाऊस, द्वारका, नवी दिल्ली

विषय: पाच महिने उशिरा सुरू होणाऱ्या हंगामाचा जाब



१४ फेब्रुवारी २०२६ ला इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) नवा हंगाम सुरू होतोय. मागचा हंगाम १३ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला होता, म्हणजे या वेळी तुम्ही आम्हाला पाच महिने ताटकळत ठेवलंत. हंगाम सुरू होतोय याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या आनंदाचं श्रेय तुम्हाला देणार नाही. तारीख जाहीर केली ती ६ जानेवारीला केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी. देशातली सर्वोच्च फुटबॉल स्पर्धा कधी सुरू होणार, एवढं सांगायलाही तुम्ही पुरे पडला नाहीत.

हे संकट काही आभाळातून पडलं नव्हतं. डिसेंबर २०१० मध्ये तुम्ही पंधरा वर्षांसाठी व्यापारी हक्कांचा करार केलात. तो ८ डिसेंबर २०२५ ला संपणार, हे सही केली त्या दिवसापासून तुम्हाला ठाऊक होतं. पंधरा वर्षं हातात होती. तरी ११ जुलै २०२५ ला ते हक्क हाती असलेल्या आयोजक कंपनीने क्लबांना कळवलं, की पुढच्या कराराचं ठरत नाही तोवर हंगाम स्थगित. तेव्हा कुठे तुमची धावपळ सुरू झाली. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतलीत, आणि तीही कोरडी निघाली: वर्षाला किमान साडेसदतीस कोटींची हमी मागणारी निविदा काढलीत, ७ नोव्हेंबरला मुदत संपली आणि एकही बोली आली नाही. ज्या लीगचा पुढचा सामना कधी हेच कुणाला माहीत नाही, तिच्यात पैसे कोण घालणार?

या गोंधळाची किंमत कुणी मोजली? बंगळुरू एफसीने ऑगस्टमध्ये पहिल्या संघाचे पगार थांबवले. मोहन बागानने नोव्हेंबरमध्ये मुख्य संघाचं काम बंद केलं. सुनील छेत्रीसारख्या खेळाडूला सहकाऱ्यांसह जाहीर निवेदन काढून सांगावं लागलं, की आम्हाला फक्त खेळायचंय. ७ डिसेंबरला एफसी गोवाने ईस्ट बंगालला पेनल्टीवर हरवून सुपर कप जिंकला, आणि दुसऱ्याच दिवशी करार संपला. विजेत्या संघाला पुढचा सामना कधी खेळायचा ते सांगणारं कुणी नव्हतं.

आमच्या घराजवळचं नुकसान तर मोठंच आहे. २६ डिसेंबरला सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी एफसीतून अंग काढून घेतलं आणि कारण सरळ सांगितलं: या लीगच्या भवितव्याचा भरवसा नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा घेऊन आलेल्या या समूहाच्या काळात मुंबईने दोनदा लीग शील्ड आणि दोनदा आयएसएल चषक जिंकला. ११ एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने मिळवलेला तो पहिला विजय. निर्णायक गोल हेडरने मारला तो राहुल भेकेने, आपल्या मुंबईच्या पोराने. असा संघ उभा करायला वर्षं लागतात. तुम्ही त्याच्या पायाखालची जमीन काही महिन्यांत हलवलीत.

आता आमच्या नवी मुंबईतल्या कामोठ्याचं ऐका. आमच्याकडे इमारतींच्या मध्ये जाळ्या लावून टर्फ बांधलेत. रात्री अकरापर्यंत तिथे दिवे चालू असतात, आणि खेळून आलेली पोरं जिन्यात बसून बुटांतले काळे रबराचे दाणे झटकतात. आमच्या सोसायटीतला एक मुलगा मुंबई सिटीची निळी जर्सी घालून खेळतो. गेल्या सप्टेंबरात तो मला लिफ्टपाशी दिसला की विचारायचा, "काका, आपली मॅच कधी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दिवाळीनंतर त्याने विचारणं सोडलं आणि शनिवारी संध्याकाळी इंग्लंडची मॅच लावून बसायला लागला. त्याचं काय चुकलं? प्रीमियर लीगने १८ जूनला वेळापत्रक जाहीर केलं, १५ ऑगस्टला पहिला सामना झाला. सात हजार किलोमीटरवरची मॅच कधी ते त्याला दोन महिने आधी कळतं आणि अंधेरीतली कधी ते कळत नाही.

तुम्ही आमची सवय मोडलीत, आणि माझा सगळ्यात मोठा राग त्याचाच आहे. सामना राहिला तर पुढे खेळवता येतो, मोडलेली सवय मात्र सहज जडत नाही. कामोठ्यातून अंधेरीला मॅचला जाणं म्हणजे संध्याकाळभराचा बेत असतो. मानसरोवरला हार्बरची गाडी पकडायची, वडाळ्याला बदलायची, अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनाच्या रांगेत उभं राहायचं. रात्री साडेसातची मॅच संपायला साडेनऊ उलटतात, मग पनवेल गाडीसाठी पुन्हा वडाळा. हे माणूस तेव्हाच करतो जेव्हा पुढची मॅच कधी, त्यानंतरची कधी, हे त्याला माहीत असतं. त्याप्रमाणे तो रजा टाकतो, शिफ्ट बदलून घेतो, मित्रांना गोळा करतो. आणि या वेळी देताय ते तरी किती? मागच्या हंगामात प्रत्येक संघाचे साखळीत २४ सामने होते, आता १३. चौदा संघ, एकच फेरी, ९१ सामन्यांत खेळ आटोपला.

तुम्ही म्हणाल, प्रकरण न्यायालयात होतं. होतं. तुमच्या घटनेच्या प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत नवा करार करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं होतं, आणि तो निकाल १९ सप्टेंबरला लागला. पण हे भिजत घोंगडं मुळात ठेवलं कुणी? तुमच्या निवडणुकीचा वाद २०१७ पासून न्यायालयात होता. मुदत संपल्यावरही खुर्च्या सोडल्या गेल्या नाहीत, म्हणून मे २०२२ मध्ये न्यायालयाला प्रशासक समिती नेमावी लागली आणि ऑगस्टमध्ये फिफाने तिसऱ्या पक्षाचा हस्तक्षेप म्हणत भारतावर बंदी घातली. तेव्हा मुलींचा १७ वर्षांखालील विश्वचषक दोन महिन्यांवर आला होता. त्याची अंतिम लढत ठरली होती नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, आमच्या मानसरोवरपासून चौथ्या स्टेशनवर. २६ ऑगस्टला बंदी उठली म्हणून ३० ऑक्टोबरला स्पेनने कोलंबियाला हरवलेलं नवी मुंबईने पाहिलं. एवढा धडा मिळूनही तीन वर्षांत तुम्ही पुन्हा तिथेच येऊन उभे राहिलात.

आणि न्यायालयाची सबब दुसऱ्या श्रेणीच्या आय-लीगला कशी लावणार? २०२५ च्या एप्रिलमध्ये तुमच्या अपील समितीने गुणांच्या वादात चर्चिल ब्रदर्सला विजेते ठरवलं, गोव्यात करंडकही दिला. जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने तो निर्णय फिरवून इंटर काशीला विजेते ठरवलं. हंगाम संपल्यावर तीन महिने देशाला विजेता कोण ते ठाऊक नव्हतं. ज्या गोव्यातून साळगावकर, धेंपो, स्पोर्टिंग ही नावं २०१६ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडली, त्याच गोव्यातल्या क्लबच्या हातात करंडक देऊन तुम्ही तो परत मागायची वेळ आणलीत.

मैदानावरचं चित्र याहून वेगळं नाही. १४ ऑक्टोबरला मडगावात राष्ट्रीय संघ सिंगापूरकडून १-२ ने हरला आणि २०२७ च्या आशिया चषकाची दारं बंद झाली. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशने २२ वर्षांनी आपल्याला हरवलं. खेळाडूंनी महिनोन्महिने साखळी सामना खेळलेला नसताना त्यांच्याकडून दुसरं काय निघणार? १४ डिसेंबरला मेस्सी वानखेडेवर आला, त्याच्या हजेरीत राज्य सरकारने लहान खेळाडू घडवण्यासाठी 'महादेवा' प्रकल्प सुरू केला. त्या दिवशी देशात लीगचा ठावठिकाणा नव्हता. निवडलेली ती पोरं मोठी होऊन खेळणार कुठे, हे ठरवणं तुमचं काम आहे.

मुंबईने फुटबॉल गमावणं काय असतं ते पाहिलंय. कूपरेजवरचा रोव्हर्स कप बंद पडला, महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, मुंबई एफसी २०१७ मध्ये. प्रत्येक वेळी काही माणसं मैदान सोडून घरी गेली ती परतली नाहीत. आता मुंबई सिटीच्या बाबतीत तसं होऊ देणार नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या मागण्या तीन. हा हंगाम संपण्याआधी पुढच्या हंगामाची तारीख जाहीर करा, आणि तो घरच्या-बाहेरच्या दोन्ही फेऱ्यांचा असू द्या. हक्कांचा करार संपण्याच्या किमान वर्षभर आधी नव्याची निविदा पूर्ण करा. गुणांवरून वाद झाला तर हंगाम चालू असतानाच तो निकालात काढा. यातलं काहीही जगावेगळं नाही. नीट चालणाऱ्या कुठल्याही लीगमध्ये एवढं गृहीत धरलेलं असतं.

२ सप्टेंबर २०२२ ला तुमचे अध्यक्ष ३३ विरुद्ध १ मतांनी निवडून आले. सप्टेंबर २०२६ मध्ये त्या चार वर्षांचा हिशेब लागेल. त्या मतदारांत आम्हा चाहत्यांपैकी कुणी नाही, पण स्टेडियम भरतो ते आम्ही. या हंगामातही भरू. लिफ्टपाशी भेटणाऱ्या त्या मुलालाही अंधेरीला घेऊन जाईन, आणि तिथे जाऊ ते राहुल भेकेच्या त्या गोलसाठी, पगाराविना सराव करत राहिलेल्या पोरांसाठी. तुमच्याबद्दलचा राग आम्ही खेळावर काढणार नाही.

या पत्राला पत्राने उत्तर नको. वेळापत्रकाने द्या.

आपला,
कामोठ्याचा एक फुटबॉलप्रेमी